लेस्लीच्या आजाराचं कारण

लेस्ली गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. मेंदूत बुरशी पसरली, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. त्याला पुरून परतल्यावर, घर नातेवाइकांनी भरलेलं असताना, त्याचा बाप व्हिक्टर बायकोला म्हणाला, "तूच त्याला वाडीतल्या ओल्या मातीत खेलू दिलंस."

टेरेझाने मान खाली घातली. भाजीची वाडी तिने त्याच दिवसापासून सोडली. व्हिक्टर बोट घेऊन दर्यावर जात राहिला. ते वाक्य तो पुन्हा बोलला नाही, पण ते त्याने मागेही घेतलं नाही.

नऊ वर्षांनी मुलीच्या, जेनेलच्या, जिभेवर पांढरा थर धरला. मानेवरचे चट्टे कुठल्याच मलमाने जाईनात. आणि या पोरीला तर आईने अंगणातसुद्धा कधी अनवाणी उतरू दिलं नव्हतं. व्हिक्टर घाबरला. या वेळी त्याने मुंबईचं मोठं इस्पितळ गाठलं.

डॉक्टर मृणालिनींनी तिघांचंही रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला महिना लागला.

"बुरशी हवेत असते, सगळ्यांच्याच अंगावर असते," त्या म्हणाल्या. "रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्या कवचावरच्या साखरेवरून तिला ओळखतात. मग पेशीच्या आतलं एक प्रथिन खबर पुढे देतं, आणि बाकीच्या पेशी धावून येऊन बुरशीला मारतात. जेनेलमध्ये ते प्रथिनच नीट बनत नाही. पेशी भरपूर आहेत, पण त्यांना खबरच लागत नाही."

"आनी आमचा लेस्ली?" टेरेझाने विचारलं.

"त्याचं रक्त नाही, म्हणून खात्रीने नाही सांगता येत. पण बहुतेक हेच. हा दोष जन्मापासूनचा. आईकडून एक जनुक, वडलांकडून एक. दोन्ही बिघडलेली आली तरच आजार होतो."

"म्हंजे माझ्याकडून बी?" व्हिक्टरने विचारलं.

"हो. पण यात चूक कुणाचीच नाही."

परतीच्या बसमधून उतरल्यावर जेनेल पुढे निघाली, तसा व्हिक्टर थांबला.

"टेरेझा, मी त्या दिशी बोललो ते खोटं व्हतं."

"मला ते खरंच वाटलेलं," ती म्हणाली. "नऊ वर्सं. रोज."

ती जेनेलच्या मागे चालू लागली.

पुढच्या आठवड्यात त्याने बोट काढली नाही. लेस्लीच्या मातीला आलेल्या एकेका नातेवाइकाच्या दारी जाऊन तो सांगत राहिला: टेरेझाची चूक न्हाय, दोष माझ्याबी रक्तात हाय. कुणी म्हणालं, आता कशाला उकरतोस. तो तरीही पुढच्या घरी गेला.

बुरशीवरच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत जेनेलची जीभ साफ झाली. गोळ्या बहुधा जन्मभर घ्याव्या लागतील. डोकं दुखलं तर तडक इस्पितळात आणायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. टेरेझा व्हिक्टरशी अजून कामापुरतंच बोलते. त्याची तक्रार नाही.