दुसरा गुडघा

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं मॅनेजरांकडून राहून गेलं होतं. ताई म्हणजे त्यांची नव्हे, भिंतीची. भिंत हा त्यांच्या फुटबॉल संघाचा बचावपटू. समोरचे खेळाडू त्याच्यावर आदळून परत जात, म्हणून सगळे त्याला भिंत म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून ताईनेच त्याला वाढवलं. तिने लिहिलं होतं, ‘याचा गुडघा दुखतोय. विचारलंत तर नाही म्हणेल. लहानपणी हात मोडला तरी पोळी खात बसला होता. तुम्ही त्याला सांभाळून घ्या.’

पत्र मॅनेजरांच्या खिशात राहून मऊ पडलं. लिहायला बसले की पेन अडायचं. सांभाळतो म्हणावं, तर शब्द दिल्यासारखं होणार. आणि शेवटचा सामना हरला, तर संघ खालच्या गटात घसरणार. भिंतीशिवाय तो जिंकायचा कसा?

खरं तर हे दुखणं त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं! तेही बचावपटूच. कारकीर्द मैदानावर कमी आणि पलंगावर जास्त गेली. घोटा, मांडी, खांदा, पुन्हा घोटा. गुडघ्याने तर जन्माचं वैर धरलेलं. मित्र त्यांना ‘प्लास्टर’ म्हणत. बायको म्हणायची, “मी यांच्याशी लग्न केलं आणि यांच्या गुडघ्याची सासू झाले. सतत त्याचीच विचारपूस!”

सामन्याच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत भिंत बाकावर बसला होता. डाव्या गुडघ्यावर पांढरी पट्टी. संघाच्या डॉक्टरीणबाईंनी ती सोडून गुडघा वाकवला, दाबला आणि त्या उठल्या.

“ठणठणीत आहे. पट्टी आपली आधाराला.”

“बघा सर! तुम्ही उगाच जीव टांगणीला लावता,” भिंत हसला.

दारातला सहायक मॅनेजरांबरोबर खेळलेला, जुना दोस्त. तो म्हणाला, “प्लास्टर, तुला हल्ली धडधाकट माणूसही लंगडाच दिसतो.”

मॅनेजर हसले नाहीत. ते त्या पट्टीकडे बघत राहिले. ही युक्ती त्यांचीच होती. पट्टी दिसली की समोरचे नेमके त्याच पायाला भिडतात, म्हणून ते खेळायच्या दिवसांत धड असलेल्या गुडघ्याला पट्टी बांधून उतरत. मागे एकदा जेवताना त्यांनी हा किस्सा संघाला रंगवून सांगितला होता. भिंत तेव्हा पोट धरून हसला होता.

ते त्याच्यासमोर कसेबसे खाली बसले.

“उजवा दाखव.”

“उजव्याला काय झालंय?”

“तेच बघतोय. वर घे पॅन्ट.”

उजवा गुडघा इतका सुजला होता, की त्याची वाटी दिसत नव्हती. डॉक्टरीणबाई “अरे देवा!” म्हणून पुढे आल्या.

“सर, आजच्या दिवस,” भिंत हळूच म्हणाला. “उद्यापासून म्हणाल तितकं झोपून राहतो.”

“मीही दर वेळी हेच म्हणायचो रे.”

“मग तुम्हाला कोणी अडवलं नाही?”

“नाही. सगळे खूश व्हायचे.”

सहायक दोस्ताने नजर चुकवली. मॅनेजरांच्या मनात आलंच, पोरगा स्वतःहून तयार आहे, दीड तासाचा तर प्रश्न. मग त्यांनी वाकून त्याच्या बुटाची नाडी सोडली. भिंत ओरडला, चिडला, शेवटी रडला. त्यांनी दुसऱ्या बुटाचीही सोडली.

सामना ते हरले. भिंत शेवटपर्यंत त्यांच्या शेजारी तोंड फिरवून बसला. गोल झाला तेव्हा सवयीने ताडकन उठला, पाय लटपटला आणि मॅनेजरांचा खांदा धरून खाली बसला. हात मात्र शिट्टी होईपर्यंत खांद्यावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं, ‘ताई, उत्तराला उशीर झाला, माफ करा. आम्ही हरलो. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. तुमचा भाऊ माझ्यावर रुसलाय. मात्र उजवा गुडघा दुखतो, हे आज डॉक्टरांना त्याने आपल्या तोंडाने सांगितलं. शस्त्रक्रिया करावी लागेल. तेव्हा तुम्ही याच. कुबड्या विकत घेऊ नका, माझ्या घरी पुष्कळ आहेत.’

एवढं पुरे का, या विचारात ते थोडा वेळ बसले. मग पाकीट चिकटवलं, लंगडत कोपऱ्यावर गेले आणि पेटीत टाकलं.