खाडीतले लाल बावटे

बाबाच्या छातीत पेसमेकर बसवून चार महिनेच झाले होते. पनवेलच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, काशिराम, आता होडी बंद. पण ऐकेल तर माझा बाप कसला! मोबाईल घरी टाकायचा आणि ओहोटी लागली की खाडीत.

मी तेव्हा खाडीकाठच्या एका शेडमध्ये चहापाण्याचं काम करायचे. २०१४ सालची गोष्ट. तिथे कंपनीचे इंजिनियर कसली तरी चाचणी करत होते. पुढेमागे पार ढगांच्या वर सोलर लावायचे आणि तिथली वीज तारेशिवाय खाली पाठवायची, असा बेत. तूर्तास खारघरच्या बाजूच्या टेकडीवरून चिखलात उभ्या केलेल्या जाळीवर ती सोडून बघणार होते. मला काय, बघू देत. पेसमेकरवाल्यांनी हद्दीत येऊ नये, ही नोटीस मीच भिंतीला चिकटवली होती. हद्द कळावी म्हणून त्यांनी पाण्यात लाल बावटे रोवले होते.

त्या सकाळी खिडकीतून पाहिलं, तर आमची होडी सरळ बावट्यांकडे चाललेली. अहो, पाण्यात बावटा दिसला तर कोळी लांब जाईल का? बावटा म्हणजे खाली कुणाचं तरी जाळं. आपल्या जागेवर कोणी जाळं टाकलं ते बघायला बाबा निघाला होता. शिकलेल्यांना हे कळलं नाही, ठीक आहे. पण मी तर रोज ते बावटे बघत होते. माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती?

इंजिनियर अविनाशसाहेबांना मी गाठलं. "थांबवा हो, माझा बाप आहे तिथे. छातीत मशीन आहे त्याच्या."

त्यांचा चेहरा पडला. "टेकडीवरून सुरू होणार आहे, किशोरी. फोनच लागत नाहीये. सात मिनिटं राहिलीत."

"काय होईल त्याला?"

"कदाचित काहीच नाही. मला खरंच माहीत नाही."

तशीच बांधावर धावले, घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. वारा उलटा होता. बाबाने मानही वळवली नाही.

आमच्या कोळीवाड्यात एक रीत आहे. बाईने बांधावरून पांढरं कापड फिरवलं की पाण्यातल्या माणसाने समजायचं, घरात कोणी गेलं. उगाच ते कधी फिरवायचं नाही. लहानपणी खेळताना मी टॉवेल फिरवला, तर आईने थोबाड फोडलं होतं. तीच आई आता दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. मला सगळं कळत होतं. तरी मी शेडमधल्या टेबलावरचं पांढरं कापड ओढलं, कपबशा फुटल्या, आणि बांधावर जाऊन ते फिरवलं.

होडी थांबली. मग वळली. बाबा वेड्यासारखा वल्हं मारत होता. मला वाटलं, वीज राहिली बाजूला, मीच मारणार याला.

तो काठाला लागला तेव्हा मागे शेडमध्ये टाळ्या वाजत होत्या. चाचणी सुरू झाली होती. बाबा गुडघाभर चिखलातून वर आला. ओठ काळेनिळे पडले होते.

"तुजी आय गेली का गो?"

"नाय बाबा. कोनी नाय गेलं. आय बरी हाय."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी रडत होते, कसा विश्वास बसणार?

"खोटं नको बोलू, पोरी."

मला बाजूला सारून तो एका हाताने छाती धरून घराकडे पळत सुटला. "बाबा, धावू नको," मी मागून ओरडत होते, आणि तो धावतच होता.