सदऱ्याची दुसरी बाही

पणजोबा बोटीच्या पोटात कोळसा ओढत परमुलखात गेले. घरात त्यांना कोळसेबुवा म्हणत. त्यांचे चिरंजीव रूळअण्णा परक्या जमिनीवर आगगाडीचे रूळ अंथरून आले. अण्णांचा मुलगा ठिणगीदादा परदेशी गोदीत वेल्डिंग करून आला. तिघांनीही त्या त्या सरकारला कर दिला, बोट दाखवले तेथे सही केली, आणि जास्तीचे काही कापले गेले असेल तर ते परत मागण्यासाठी एकानेही तोंड उघडले नाही. घराण्याचा बाणाच तसा होता. अशा घरातली ठिणगीदादांची धाकटी लेक थेट आभाळात जाऊन बसली. परक्या शहरात, तात्पुरत्या व्हिसावर, ती उंच इमारतींवरची क्रेन चालवत असे. तिला सगळे क्रेनताई म्हणत.

ताईच्या मनाला एक गोष्ट कायम टोचत असे. दादा गोदीत निघाले तेव्हा प्रवासाला पैसे कमी पडले होते. त्यांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे ताईच्या आत्याने, पोट चालवणारे आपले शिलाई मशीन विकून टाकले. झाकणासकट आणि तेलाच्या कुपीसकट. त्या वेळी मशीनवर दादांचाच प्रवासाचा सदरा होता. एक बाही लागली होती, दुसरी राहिली. "मशीन परत येईल तेव्हाच ही लागेल," असे म्हणून आत्याने सदरा ट्रंकेत घातला. पुढे गोदीची कंपनी बुडाली आणि दादा हात हलवत परतले. आत्या लोकांची काजे-बटणे हाताने करत राहिली. तिने मशीनचा विषय पुन्हा कधी काढला नाही, आणि दादांना तेच जास्त लागे.

ताईचा पगार घरच्या छपराला आणि भावाच्या शिक्षणाला पुरत असे, इतकेच. पण सहकाऱ्यांकडून तिला कळले की कराचा अर्ज नीट भरला, पोसायची माणसे त्यात दाखवली, तर जास्तीचे परत मिळते. तिच्या डोळ्यांसमोर एकदम मशीन उभे राहिले.

रविवारी दुपारी ती पलंगावर कागद पसरून बसली. समोर खोलीतली सोबतीण, इमारतींना रंग देणारी रंगारीण, पायांच्या नखांतला रंग काढत होती.

"तुमच्यावर कोण कोण अवलंबून आहे?" ताईने प्रश्न मोठ्याने वाचला आणि झरझर लिहायला घेतले. आई, दादा, आत्या, काकू, काकूची दोन मुले, शिकणारा भाऊ. जागा संपली तशी समासात लिहू लागली.

"अगं बाई, हा कराचा अर्ज आहे की लग्नाची पंगत? मांजर राहिली बघ!"

"मांजर स्वतःचं पोट स्वतः भरते," ताई म्हणाली आणि तिने ऐटीत सही ठोकली.

कर-कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी ती यादी पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तात्पुरत्या व्हिसावरच्या कामगाराला इथे एकही नाव लावता येत नाही. सगळी खोडा. नाहीतर ती खोटी माहिती ठरेल आणि व्हिसा अडेल."

ताईने एकेक नाव खोडले. आत्याच्या नावावर पेन थबकले; मग तिने तेही खोडले. बाईंनी पुन्हा आकडेमोड केली.

"आता परत काही मिळत नाही. उलट थोडं तुम्हीच देणं लागता."

मशीन डोळ्यांसमोरून गेले. ताईची कानशिले तापली, आणि तीन पिढ्यांनी मिटून ठेवलेले तोंड उघडले.

"माझी माणसं तुमच्या हिशेबात नाहीत ना? बरं! मग दर पगारातून हा म्हातारपणाचा निधी कापता तो कोणासाठी? माझा व्हिसा संपला की तुम्हीच मला घरी पाठवणार. मी काय इथे म्हातारी व्हायला येणार आहे?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला, पगाराची पावती ओढून घेतली, व्हिसाचा प्रकार दोनदा वाचला.

"हा निधी तुमच्याकडून कापायलाच नको होता," त्या हळूच म्हणाल्या. "या व्हिसाला तो लागूच नाही. पहिल्या पगारापासूनचं सगळं परत मिळेल. तुमचं देणं वळतं करूनही बरंच उरतं. वेगळा अर्ज करा."

"द्या! आत्ताच द्या!" ताई एवढ्या जोरात म्हणाली की रांगेतला मागचा म्हातारा दचकून हसू लागला.

बाहेर येताच तिने घरी फोन लावला.

"दादा, मी तोंड उघडलं!"

"कोणावर?"

"सरकारवर!"

"मग आता कुठे आहेस, पोरी? कोठडीत?"

ताई रस्त्यात उभी राहून पोट धरून हसली. त्या दिवशी ती क्रेनची शिडी जवळजवळ धावतच चढली.

पैसे जमा झाले त्याच दिवशी तिने घरी मशीन धाडले. ते पोहोचले तेव्हा फोनच्या पडद्यासमोर सगळे घर दाटीवाटीने बसले होते. आत्याने मशीनवरून हात फिरवला, पण तोंडाने मात्र फटकारले, "एवढा खर्च कोणी सांगितला होता गं, बयो? झाकण तरी आहे का?"

"आहे. खोक्यात अजून हात घाल."

आत्याने हात घातला. तेलाची कुपी निघाली. ती कुपी मुठीत धरून आत्या थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग ताठ वळली. "दादा, ट्रंक काढ."

मशीन खडखडू लागले. बाही लागली. दादांनी सदरा अंगात घातला; पोटावरची बटणे काही केल्या जवळ येईनात, आणि काकूची मुले हसून लोळू लागली.

"पोट आत घे!" आत्याने दरडावले.

"इतकी वर्षं लावलीस, त्याला मी काय करू?"

"मी लावली?" आत्याने दोरा दातांनी तोडला आणि त्यांच्या खांद्यावरची शिवण सारखी केली. "बाही बसली ना? मग झालं. तुझ्या लेकीनं कुपीसकट फेडलं. आता माझं या घराकडे काही येणं नाही."