उघड्या हातांनी

हिरवट ठिपका मनगटाच्या आतल्या बाजूला होता, नाडी लागते तिथे, हातमोजा संपतो आणि गाऊनची बाही सुरू होते त्या बोटभर फटीत… आणि जांभळ्या दिव्याखाली तो असा चमकत होता की शिकवणाऱ्या बाईंना क्षणभर वाटले, कातडीच्या आतच काहीतरी पेटले आहे. औषध नव्हते ते. सरावाचे पाणी होते, त्यात फक्त या दिव्याखाली दिसणारा रंग मिसळलेला. पाच नर्सेसनी सकाळपासून खोट्या बाटल्यांतले खोटे औषध खऱ्या सुईने ओढून खोट्या सलाईनमध्ये सोडले होते, आणि आता खोली अंधारी करून बाई एकेकीचे हात दिव्याखाली धरून पाहत होत्या – हे केमोचे औषध असते तर कुणाला कुठे कुठे लागले असते.

"हे मनगट कुणाचं?"

"माझं, बाई."

मुंगी! सगळा वॉर्ड तिला मुंगी म्हणे. अंगाने बारीक, आणि सतत काहीतरी इकडून तिकडे नेत असलेली. तीन आठवड्यांच्या शिकवणीत तिची एकही चूक झाली नव्हती.

"मधेच मोजे काढलेस का?"

"एकदा… घाईत."

"घाई कसली होती?"

ती तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. पलीकडून नळाचा आवाज आला, पुरता सोडलेला. "कँटीनचा चहा प्यायली असणार," थोराड नर्स म्हणाली, "त्याच्यापेक्षा आपली केमो बरी!" बाकीच्या खिदळल्या. बाई हसल्या नाहीत. एवढा मोठा नळ हात धुवायला कुणी सोडत नाही. दुसरा आवाज झाकायला सोडतात. तसाच नळ सोडून, भिंतीला कपाळ टेकून मी उभी राहिले होते, बाईंना आठवले – कितीदा…

तेव्हा हातमोजे नव्हते, गाऊन नव्हते, औषध कालवायचे काचेचे बंद कपाट नव्हते. खिडकीशेजारी एक ओटा होता. औषध उडू नये म्हणून पंखा बंद करायचा, काळजी काय ती तेवढीच. कुपीची मान उघड्या हातांनी मोडायची, लाल थेंब बोटावर आला की कापसाने टिपायचा, आणि दुपारी त्याच हातांनी डबा उघडायचा. पहिले तिसऱ्या महिन्यात गेले. दुसरे पाचव्यात. सासूबाई म्हणाल्या, जिन्याची चढउतार नडली. नवरा काहीच म्हणाला नाही, आणि त्याचे ते काही न म्हणणे घरात एखाद्या अवजड कपाटासारखे राहून गेले. दोघेही त्याला वळसा घालून आपापल्या कामाला जात राहिले. मग काही वर्षांनी हातमोजे आले, आणि त्यांच्याबरोबर एक पातळशी पुस्तिका. तिच्यात गरोदर कर्मचाऱ्यांना या औषधांपासून दूर ठेवण्याबद्दल चार ओळी होत्या. बाईंनी त्या उभ्याउभ्या वाचल्या, पुस्तिका खणात टाकली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चार ओळी वर्गात शिकवल्या, खणखणीत आवाजात, जशा दुसऱ्या कुणाच्या तरी. डॉक्टरांना विचारता आले असते. मी विचारले नाही. विचारले असते तर कुणीतरी उत्तर दिले असते.

मुंगी तोंड धुऊन परत आली. बाईंनी दिवा बंद केला. काही विचारले नाही.

आणि दुपारी, सगळे कळूनसवरून, त्यांनी तिला खऱ्या औषधाला उभे केले.

का? वॉर्डातल्या अठराच्या अठरा खुर्च्या भरलेल्या होत्या म्हणून. सोमवारपासून केमो देणाऱ्या फक्त दोघीच उरणार होत्या आणि शिकणाऱ्या पाचांत मुंगीच तेवढी तयार होती म्हणून. मेट्रन सकाळीच म्हणाल्या होत्या, "संध्याकाळपर्यंत मुंगीच्या पात्रतेच्या कागदावर तुमची सही हवी. नाहीतर खुर्च्या कमी करू, आणि कुणाला घरी पाठवायचं ते तुम्हीच सांगा पेशंटना." कारणे सगळी खरी होती. आणि खरी कारणे हाताशी असली की माणूस काय वाटेल ते करतो…

चौथ्या खुर्चीत शिवणकामावर घर चालवणारी एक पेशंट होती. उजवा हात छातीशी धरून म्हणाली, "सुई डाव्या हाताला लावा हो. उजव्यावर माझं पोट आहे." मुंगीने डावा हात मांडीवर घेतला, शेकला, शीर मिळेपर्यंत घाई केली नाही. औषध सुरू झाले. दोनतीन मिनिटांनी ती पेशंट पुटपुटली, "जरासं चुणचुणतंय. तसं काही नाही म्हणा."

मुंगीने त्याच क्षणी थेंब बंद केले. मग खाली बसली, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. "'तसं काही नाही' हे मी ठरवणार, मावशी. तुम्ही फक्त सांगत राहायचं. उगीच सोसायचं नाही."

शिरेच्या बाजूला किंचित सूज दिसत होती. आणखी थोडे औषध गेले असते तर आतले मांस जळाले असते. असे हात, असे कान मुलींच्या दहा तुकड्यांत एखादीला असतात, बाईंना वाटले, आणि लगेच मनात आले की ती आता ही नळी सोडवील, नळीत औषध आहे, थेंब सांडेल… "हो बाजूला," त्या एकदम ओरडल्या, "पुढचं मी बघते!" मुंगीचा चेहरा पडला. सगळ्यांना वाटले, तिचे काहीतरी चुकले.

चादरींच्या खोलीत मुंगी बाईंच्या मागोमाग आली. "बाई, मी बरोबरच केलं ना?"

"बरोबर केलंस. कितवा महिना?"

ती चादरीची घडी मोडून पुन्हा घालत राहिली. मग म्हणाली, "तिसरा लागलाय. कुणाला सांगू नका."

"लेखी द्यावं लागतं. दिलं की दुसऱ्या वॉर्डात बदली होते."

"कायम असलेल्यांची होते, बाई. माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय. नवा देताना त्यांना काय, नाही म्हणायला कारणच हवं असतं. तुम्ही सही केलीत तर तो मिळेल." मग आवाज खाली आणून, जवळजवळ विनवणीने, "मी दोन-दोन मोजे घालीन. सकाळी चुकलं, परत नाही चुकणार. आणि तुम्ही तर इतकी वर्षं हेच करताय. तुम्हाला कुठं काय झालं?"

पुस्तिकेतले वाक्य जिभेवर तयार होते. बाईंनी तोंड उघडले आणि ते निघालेच नाही.

"दोनदा," त्या म्हणाल्या.

मुंगीचे हात थांबले.

"ह्याच्यामुळेच?"

"माहीत नाही."

"म्हणजे? डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"मी विचारलं नाही."

बाहेर कुणाच्या तरी सलाईनचा गजर वाजत होता. कुणीतरी तो बंद केला.

"मग मी काय करू?" मुंगीचा आवाज चिरकला. "तुमच्या 'माहीत नाही'वर घरी बसू? घरात मिळवणारी मी एकटी आहे, बाई! हे तीन आठवड्यांपूर्वी का नाही सांगितलंत? पहिल्या दिवशी? वर्गात नियम सांगितलात नुसता. नियम काय, सगळेच सांगतात." तिने चादर तशीच टाकली. मग निघून गेली.

बाई चादरींच्या ढिगावर बसल्या. खिशात तिचा कागद होता. सहीच्या जागेवर फुली, मेट्रननी पेन्सिलने केलेली. सही केली तर – नाही केली तर – आज कुठल्याच नियमाआड लपता येत नव्हते.

मन मोकळे केले की हलके वाटते म्हणतात. बाईंना हलके वाटत नव्हते. इतकी वर्षे त्यांनी तो एक प्रश्नच सांभाळला होता – माझ्या हातांनी झाले का, माझ्या हातांनी झाले का – आणि त्या प्रश्नाभोवती इतके काम केले होते, इतक्या मुलींना मोजे घालायला शिकवले होते, की तो नेमका कुणाबद्दलचा आहे हेच विसरायला झाले होते. 'दोनदा' म्हणून गेले मी. दोनदा कसले… दोन होती. एक, आणि मग आणखी एक. दुसऱ्याने तर लाथ मारली होती, अशाच दुपारी, ओट्याशी उभी असताना, आणि मी हसले होते. हे मी कुणालाही सांगितले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

"बाई, सातव्या खुर्चीवर या," कुणीतरी दाराबाहेरून हाक मारली.

"आले," त्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. दोष कुणाचा हे कळायचे राहिले ते राहिलेच. पण त्या दोषाने इतकी वर्षे अडवून ठेवलेली जागा एकाएकी उघडी पडली होती, आणि तिथे आता निव्वळ दुःख येऊन बसत होते, कुणाला न विचारता, स्वतःच्या घरात यावे तसे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी त्याला ऊठ म्हटले नाही.