उघाडीतली पाचर

मी एक जुनी उघाडी आहे, पण कुजलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात माझ्याविषयी उलटंच बोललं गेलं आणि ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

मित्रांनो, उघाडी म्हणजे काय, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल. वडखळच्या पुढे खाडीला लागून आमचं गाव आहे. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या अंगाला आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध, बांधात एक दगडी मोरी, आणि मोरीच्या तोंडाला खाडीच्या बाजूने वरून टांगलेलं लाकडी दार म्हणजे मी. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी मला आतून ढकलतं आणि मी उघडते. भरती आली की खाडी मला बाहेरून रेटते आणि मी मिटते. मला कुलूप नाही, राखणदार नाही. माझ्या वाटेला कोणी गेलं नाही, तर माझं काम मी बिनबोभाट करते.

माझं लाकूड ऐनाचं. रोह्याकडच्या रानातून ते बैलगाडीने आलं आणि काळुराम सुताराने आठ दिवस खपून मला घडवलं. मला टांगलं त्या दिवशी सगळा गाव बांधावर जमला होता. कान्हूबाबा नावाचे म्हातारे तेव्हा गावात मोठे. त्यांनी एकच नियम घातला, की उघाडीला एकट्याने हात लावायचा नाही. लावायचाच तर गावाच्या देखत. कोणीतरी तरण्याने विचारलं, एवढ्याशा दाराला नियम कशाला? तेव्हा कान्हूबाबा म्हणाले, "अरे, दर्या काय तुझ्या एकट्याच्या शेतात येऊन थांबनार नाय. तू उघडशील, नि चूल माझी विझेल."

एवढंच. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं कोणी मोडला नाही. बांधाला खांड पडली, म्हणजे बांध कुठे फुटला, की घरटी एक माणूस माती टाकायला यायचा. त्याला जोळ म्हणत. एकदा तर अंगाची हळद न धुताच एक नवरदेव घमेलं घेऊन आलेला मी पाहिला आहे. त्याचं हसू झालं, पण लग्नातल्या आहेरापेक्षा त्या घमेल्याचं कौतुक जास्त झालं.

मग दिवस बदलले. निकेश हा गावातलाच मुलगा. रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. त्याने आपल्या शेतात तळं खणलं आणि त्यात जिताडे पाळले. जिताडा हा आमच्याकडचा मानाचा मासा. त्याला खाडीचं पाणी हवं, आणि खाडीच्या वाटेवर मी मिटलेली. मग निकेशने काय करावं? भरतीच्या आधी माझ्यात आणि दगडात लाकडाची पाचर ठोकायची, थोडं पाणी आत घ्यायचं, मग पाचर काढून टाकायची. आपल्या एकट्याच्या एवढ्याशा पाण्याने काय होतंय, असं तो म्हणायचा. मित्रांनो, नियम मोडणारा माणूस शिंगं घेऊन जन्मत नाही. तो असाच असतो, कामसू, हसतमुख, आणि 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणणारा.

माझ्या मागचं पहिलं शेत हौसाचं, कान्हूबाबांच्या सुनेचं. वर्षाचं भात तिला त्या एका शेतातून मिळायचं. तिने कितीदा तरी गुडघाभर चिखलात उतरून पाचर उपटून टाकली. निकेशला ती रागे भरली, की तो मान खाली घालून ऐकायचा आणि चार दिवसांनी नवी पाचर ठोकायचा.

गाव पाहत होता, पण बोलत नव्हता. आणि बांध समितीचे अध्यक्ष माधवराव गुरुजी? ते पेणला राहतात. जन्मभर त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. त्यांची इथे वाडवडिलांची जमीन आहे, म्हणून समितीत मान त्यांचा. दर सणाला निकेशच्या तळ्यातला एक ताजा जिताडा त्यांच्या घरी पोचायचा. नियमाचा रखवालदार त्या रश्श्यात बोटं बुडवून बसल्यावर मी एकटीने काय करावं?

पिठोरी अमावस्या जवळ आली. पावसाळ्यात रात्रीची भरती लहान आणि दुपारचं उधाण मोठं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. निकेशला तर चांगलंच कळत होतं. रात्रपाळीला जाताना त्याने पाचर ठोकली. रात्रीचं पाणी तळ्यात घ्यायचं आणि सकाळी आठला येऊन पाचर काढायची, असा त्याचा बेत. या वेळची पाचर कंपनीतून आणलेल्या खोक्याच्या फळीची होती, तिच्यावर निळे छापील आकडे होते.

सकाळी हौसाने ती पाहिली आणि उपटायला गेली. पण लाकूड पाण्याने फुगून घट्ट बसलं होतं. तिने वाटेत दोघा-तिघांना हाक मारली. बायजा नावाची शेजारीण म्हणाली, "काढील गो तो आल्यावर. आपुन कशाला वाईट व्हावं?" तेव्हा हौसा एसटी धरून पेणला गेली. गुरुजींनी तिला बसवलं, चहा दिला, आणि तरुण मुलगा धंदा करू पाहतोय, तर जरा समजून घ्या, असं सांगितलं.

तिकडे रोह्यात निकेशला सोडवायला येणारा माणूस आलाच नाही. बदली आल्याशिवाय यंत्र सोडायचं नाही, हा कंपनीचा कायदा. मोबाईल गेटवर जमा, हाही कायदा. हेल्मेट घालून निकेश दुपारपर्यंत जागेवरून हलला नाही. साहेबांकडे फोन मागितला असता तर मिळाला असता, पण त्यावर बोलणार काय? मी गावात एक पाचर मारून आलोय, ती काढा? माझा संताप होतो तो इथे. तिथे गेटवर पहारेकरी आहे, म्हणून सगळे कायदे पाळले. इथे पहारेकरी नाही, तर फक्त हौसाचं भात होतं.

दुपारी उधाण आलं. मला मिटायचं होतं. मी सगळ्या ताकदीने मिटायला गेले आणि पाचरीवर अडकले. माझ्या बाजूने पाणी असं काही घुसलं, की मोरीलगतची माती तासाभरात वाहून गेली आणि खांड पडली. हौसा परतली तेव्हा तिच्या दाणा धरायच्या बेताला आलेल्या उभ्या भातावर कमरेइतकं खारं पाणी होतं. ती रडली नाही. घमेलं घेऊन बांधावर आली. त्या दिवशी जोळाला घरटी एक नाही, सगळी मिळून अकरा माणसं आली.

चार दिवसांनी नुकसानीच्या पाहणीला सरकारी साहेब आले. बांधावर टेबल-खुर्च्या मांडल्या. गुरुजी पुढे होऊन म्हणाले, की दार फार जुनं होतं, कुजलं होतं, म्हणून निसटलं. गावाने माना डोलावल्या, आणि साहेबांनी ते लिहून घेतलं. तसं लिहिलं की कोणाच्याच अंगावर काही येत नाही ना! पन्नास वर्षं मी या लोकांची खाडी अडवली आणि शेवटी कुजलेली मीच. मला तोंड असतं, तर त्या दिवशी खाडीपलीकडे ऐकू गेलं असतं.

बोलली ती हौसा. तिने पदराखालून निळ्या आकड्यांची ती फळी काढली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. खांड पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहारीने ती उपटायला तिला अख्खी सकाळ लागली होती.

"ही त्या दाराच्या तोंडात होती," ती म्हणाली. "कोनाची हाय, ते मी नाय सांगनार. ज्याची हाय त्यानं उचलावी."

गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, की झालं गेलं विसरून जावं. हौसा त्यांच्याकडे वळली.

"गुरुजी, तुमच्या ताटात जिताडा पडला, तो कुठल्या दारानं आला, ते तुमी इचारलं व्हतं?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. मागच्या रांगेतून निकेश उठला, फळी उचलली आणि म्हणाला, "माझी हाय, साहेब." साहेबांनी खाली उतरून हातोडीने माझ्या फळ्या ठोकून पाहिल्या. आवाज खणखणीत आला. त्यांनी लिहिलेलं खोडलं.

माझी बिजागरी मात्र त्या उधाणात वाकली होती. आता माझ्या जागी लोखंडी दार आहे आणि मी बांधावर पडून आहे. हौसा कधीमधी माझ्यावर येऊन बसते. समोर तिचं शेत मिठाने पांढरं झालंय. तीन पावसाळ्यांनी ते मीठ धुऊन नेल्याशिवाय तिथे भात होणार नाही. निकेशने आपल्या कणगीतलं भात तिच्या घरी आणून टाकलं. तिने ते घेतलं, पण त्याच्याशी अजून बोलत नाही. आणि का बोलावं?

मित्रांनो, नवं दार लोखंडाचं आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. त्यालाही माझ्यासारखं मिटण्याखेरीज काही येत नाही. कधी इकडे आलात आणि त्याच्या फटीत काही अडकवलेलं दिसलं, तर ते कोणाचं आहे, हे विचारायला पेणला जाऊ नका. आधी ते काढा.