क्रांजीच्या खांबावरची नावं

काळ्या तिळांची स्टीलची डबी, झाकणाला रबर बँड.

राधिकाच्या फोनमध्ये एका खांबाचा नंबर.

हिरवं लुगडं, नाकात नथ, कपाळभर कुंकू. १९९१ साली, सरणावर.

सरहद्दीवरच्या कॉजवेवर गाड्यांची रांग, चाळीस मिनिटं.

केरू मोहिते, मोटार ड्रायव्हर.

यातलं काही गाडीत होतं, काही आजीच्या बोलण्यात. सेरंगूनच्या घरून नवरा सारंग आणि आजीला घेऊन मलाक्क्याला निघाली तेव्हा राधिकाचा बेत साधा होता. सरहद्दीच्या अलीकडे, क्रांजीला, युद्धस्मारकाच्या बागेत अर्धा तास थांबायचं. आजीचे वडील दुसऱ्या महायुद्धात इथे आले ते परतले नाहीत. त्यांचं नाव खांबावर आहे, हे राधिकाने आधीच शोधून ठेवलं होतं. आजीला ते दाखवायचं, मग त्यांचं श्राद्ध तरी सुरू होईल.

पण आजीने गाडीतच विषय काढला.

"माझी आई सवाष्ण गेली. तिचं मी दरवर्षी अविधवा नवमीला करते. सवाष्ण जेवायला घालते, ओटी भरते."

"आणि पणजोबांचं?" राधिकाने विचारलं.

"त्यांचं कशाला? ते बेपत्ता आहेत."

"आजी, ते आता एकशे दहा वर्षांचे असतील," सारंग गाडी चालवता चालवता म्हणाला.

"असतील. जावईबापू, पुढे बघा."

आता राधिकाच्या लक्षात आलं. नाव दाखवलं तर पणजी विधवा ठरणार, आणि इतक्या वर्षांच्या नवम्या चुकीच्या. मग आजी साताऱ्याहून काळे तीळ कशाला घेऊन आली?

बागेत गवत कापल्याचा वास होता. पांढऱ्या दगडांच्या ओळींमधून आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी, सारंगचा हात धरून, वर चढली. खांबांवर तुकडीवार नावं कोरलेली. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

"मराठ्यांचं पायदळ बघ," ती म्हणाली. "ते लढायला गेले होते."

"घरात सगळे तेच म्हणतात, पण ते ड्रायव्हर होते ना? बाबा सांगायचे."

"बाबाला काय माहीत. बघ आधी."

पायदळाच्या यादीत मोहिते होते, केरू नव्हते. आजीचा चेहरा निवळला. राधिकाला वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात आजी म्हणाली, "आता ड्रायव्हरांचं वाच."

खांब तोच निघाला, फोनमधला. आजीने पहिल्या नावावर बोट टेकवलं. राधिका एकेक नाव वाचू लागली, तसं बोट एकेक ओळ खाली सरकू लागलं. गणू जाधव. हरी साळुंखे. जानू कदम. पुढची ओळ राधिकाने नुसती पाहिली आणि त्याच्या खालची वाचली.

"लक्ष्मण घाडगे."

बोट हललं नाही.

"मी अजून इथेच आहे," आजी म्हणाली.

"ती ओळ पुसट आहे, आजी."

आजीने बोट अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे फिरवलं. दुसऱ्यांदा फिरवलं. अक्षरं खोल होती, कडा धारदार.

"हाताला तर पुसट लागत नाही."

आजीला कळलं की नाही? कळलं असेल तर ही रागावत का नाही? राधिकाने सारंगकडे पाहिलं. तो घड्याळाकडे बघत होता.

"असू दे," आजी म्हणाली. "पुढचं वाच."

राधिकाने यादी संपवली. आजीचं बोट मात्र शेवटपर्यंत त्याच एका ओळीवर होतं.

गाडीत बसल्यावर आजीने पिशवीतून डबी काढून राधिकाच्या हातात दिली. रबर बँड तसाच.

"तुझ्या स्वयंपाकघरात ठेव. चटणीला होतील."

"आजी, मग पणजीचं..."

"नवमीलाच."

"ठरलं का सगळं? रांग वाढतेय," सारंग म्हणाला.

राधिका मांडीवरच्या डबीकडे बघत राहिली. कोणी कोणाला फसवलं, हे तिला सरहद्दीवरचा वुडलंड्सचा नाका आला तरी ठरवता येईना.

१९४६ साली गावी मराठीत सरकारी पत्र आलं होतं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून आठ वर्षांच्या आजीने ते तिला वाचून दाखवलं. शेवटची ओळ सोडून.