पडद्यावरचा नवा आंबा

मोनाली सुट्टीवर आली ती नवा व्हिडिओ गेम घेऊनच. आरमोरीत नर्सची नोकरी लागल्यापासून तिचं आणि तिच्या बापाचं, लालसूचं, बोलणं आटत चाललं होतं. लहानपणी दोघं टीव्हीला जुना खेळ जोडून दुपारभर खेळत. खेळता खेळता लालसूची जीभ मोकळी होई. तेच तिला परत हवं होतं.

जुन्या खेळात झाड म्हणजे हिरवा चौकोन, आंबा म्हणजे पिवळा ठिपका. एकाने झाड हलवायचं, दुसऱ्याने टोपलीत झेलायचं. नवा खेळही तसाच, पण त्यातलं रान उघडलं आणि लालसू पडद्याजवळ सरकून बसला. पान न् पान हलत होतं. कवडसे मातीवरून सरकत होते. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी त्याला वाटलं, वारा त्या पडद्यातूनच येतो आहे. देठाशी चीक साकळलेला आंबा अगदी डोळ्यांपुढे लोंबत होता.

"बाबा, हलवा ना झाड! टाइम संपून राह्यला."

लालसूने बटणावरचा अंगठा उचलला. "मरका पंडुम झाला नाई अजून."

गाव हा सण करून देवाला नवा आंबा वाहत नाही, तोवर कोणी आंबा तोडत नाही. लालसूने तर सणाआधी जन्मात तोडला नव्हता.

"अवो बाबा, खेळातला आंबा हाय तो!"

"ठिपके होते तवा तोडलेच ना मी? याले तं चीक हाय, बाई."

चुलीपाशी मोनालीची आई मंगली हसली. "लेकीनं हौसेनं आणलं, अन् बुढ्याले देव आठवला! द्या इकडं, मी तोडतो."

"तोड. गावाले सांगतो मंग."

तेवढ्यात खेळ संपला. टोपली रिकामीच. मोनालीचा चेहरा उतरला. "जुनाच बरा होता."

"काऊन? या रानात काय आंबेच हायेत? लाव परत."

या खेपेला लालसूचा गडी आंब्याकडे वळलाच नाही. जुन्या खेळात शेवटच्या झाडापुढे काळी भिंत होती. इथे पायवाट खाली उतरत होती, आणि खोल कुठेतरी पाणी चमकत होतं.

"सावली सावलीनं चाल," लालसू हळूच म्हणाला. "माही माय अशीच पुढं चाले. मांगं वळून पाहे नाई. मी तिच्या लुगड्यावर नजर ठेवून चालो."

मोनालीने हे कधी ऐकलं नव्हतं. तिने आपला गडी त्याच्या मागे लावला.

"कोण्या रंगाचं होतं लुगडं, बाबा?"

पडद्याच्या कोपऱ्यात वेळ सरत होता. दोघांपैकी कोणीच तिकडे पाहत नव्हतं.